तुमचं रियुनियन, आमची पहिली भेट

सकाळपासून डोकं फिरलंय. कॉलेजच्या ग्रुपवर आमच्यातल्या एकाने, जो पंचवीस वर्षं लंडनला असतो, लिहिलं की फुटलेले बँड परत एकत्र येतात ते निव्वळ पैशासाठी. म्हाताऱ्यांनी आता घरी बसावं, चांगल्या आठवणी कशाला नासवायच्या. खाली सात-आठ अंगठे. आपल्याच माणसांचे!

आठवणी? कुणाच्या आठवणी, बाबा? तू तिथे जाऊन एकेकाला डोळे भरून बघून घेतलंस. आम्ही इथे गिरगावात कॅसेट ऐकत होतो.

1992 ची गोष्ट. दादाने मित्राकडून गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडची गाणी साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून आणली. लेबलवर निळ्या बॉलपेनने लिहिलेलं, ‘गन्स. हात लावू नये.’ पहिल्या बाजूला सगळ्यात शेवटी ‘नोव्हेंबर रेन’. गाणं जवळजवळ नऊ मिनिटांचं आणि टेप तेवढी उरलीच नव्हती. शेवटाकडे ते गाणं संपल्यासारखं होतं, मग पियानो परत सुरू होतो, स्लॅशची गिटार चढायला लागते आणि... खट्. बटण वर. पुढचं गाणं आमच्या घरात नव्हतंच. दादाने मित्राकडे पूर्ण ऐकलं होतं, म्हणून उरलेली गिटार तो तोंडाने वाजवून दाखवायचा, स्वयंपाकघरातून आई ओरडेपर्यंत.

1996 ला स्लॅश बँड सोडून गेला. आमच्यासाठी सगळं संपलं ते तिथेच, एकदाही न बघता. पुढे 2012 ला बँडचा गायक ॲक्सल मुंबईत आला, स्लॅशशिवाय. त्याच वर्षी त्याला कुणीतरी विचारलं होतं, परत एकत्र येणार का? म्हणाला, या जन्मात नाही. 2015 ला स्लॅश आला, ॲक्सलशिवाय. दोन्ही वेळा दादा आणि मी बीकेसीच्या मैदानात उभे होतो. दोन्ही वेळा घरी येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

पैशासाठी करतात म्हणे. हो, करतात. मग आधी काय धर्मादाय वाजवत होते? माझा बाप चाळीस वर्षं पगारासाठी गिरणीत गेला, म्हणून त्याचं काम खोटं होतं का?

आणि ‘घरी बसावं’ म्हणणाऱ्यांनी थोडा हिशेबही करावा. 2005 च्या जुलैत पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचे चौघं लंडनच्या हाइड पार्कात एका मंचावर उभे राहिले. वॉटर्स, गिल्मर, मेसन, राइट. चोवीस वर्षांनी. त्यानंतर परत कधीच नाही. 2007 ला रॉजर वॉटर्स मुंबईत आला तेव्हा दादा सारखा म्हणत होता, ‘बाजूला गिल्मर पाहिजे होता रे.’ मी म्हटलं, येतील कधीतरी. पुढच्याच वर्षी रिचर्ड राइट गेला. संपलं. आता वॉटर्स आणि गिल्मर, दोघंही ऐंशीच्या घरात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. द स्मिथ्स या चौघांच्या बँडचा बास वाजवणारा अँडी रूर्क 2023 ला गेला. आता कितीही पैसे ओता, ते चौघं होत नाहीत. लेड झेपेलिन बँडने निदान 2007 ला एक संध्याकाळ दिली, ड्रमवर त्यांच्या गेलेल्या ड्रमरचा, बॉनमचा मुलगा बसला. त्या एका रात्रीच्या तिकिटांसाठी दोन कोटींच्या आसपास लोकांनी नावं नोंदवली होती म्हणतात. ते सगळे आठवण नासवायला निघाले होते?

आपल्याकडचं तर बोलूच नका. 1980 ला द पोलीस हा ब्रिटिश बँड मुंबईत वाजवून गेला, तेव्हा मी दोन वर्षांचा. आपला मुंबईचा रॉक बँड इंडस क्रीड 1997 ला फुटला आणि 2010 ला परत उभा राहिला. तेव्हा कुणी त्यांना पैशाचं विचारलं होतं? धोबीतलावचं रंगभवन, जिथे आपले बँड वाजवायचे, ते मात्र शांतता क्षेत्राच्या नियमात गेलं ते गेलंच. बँड परत जमतात, जागा परत मिळत नाहीत. तिथून जाताना मी अजून बसच्या खिडकीतून बघतो.

आवाज राहत नाही, हे मला मान्य. ॲक्सलचा पहिल्यासारखा नाही, वरच्या पट्टीत दमतो. ठीक आहे.

पण 17 मे 2025, महालक्ष्मी रेसकोर्स. अंगाला शर्ट चिकटलेला, दादाच्या गुडघ्याला पट्टा, तिकिटांचे पैसे दोघांनी दोन महिने साठवलेले. समोर एका मंचावर, परत एकत्र आलेले ॲक्सल, स्लॅश आणि बास वाजवणारा डफ. ‘नोव्हेंबर रेन’ सुरू झालं. ते पूर्ण गाणं मी मधल्या वर्षांत टीव्हीवर, फोनवर शंभर वेळा ऐकलंय, तरी त्या जागेपाशी आलो आणि पोटात गोळा आला. गाणं थांबल्यासारखं झालं. पियानो परत सुरू झाला. गिटार चढायला लागली. दादा माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, ‘खट्.’

आणि गाणं पुढे गेलं.

चोपन्न वर्षांचा माणूस, तोंडाने गिटार वाजवत रडत होता. मीही. आजूबाजूची विशीतली पोरं बघत होती, एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

लंडनवाल्या मित्रा, तुझ्यावर राग नाही रे. लिहायला बसलो तेव्हा होता. तू जे बघितलंस त्याचा हेवा मात्र आहे, कायमचा आहे. फक्त वॉटर्स आणि गिल्मरने उद्या हात मिळवले, तर ‘कशाला’ म्हणू नकोस.

तुझा मेसेज दुपारी दादाला पाठवला होता. त्याचं उत्तर आत्ता आलं, डोंबिवलीहून: ‘त्याला सांग, त्याच्या जागेवर आम्ही उभे राहतो.’