कटऑफवरून स्वतःला मोजू नका

बँकेच्या परीक्षा देणाऱ्या पोरांना मोटिव्हेशन कमी पडतं, असं जो तो म्हणतो. मला हे अजिबात पटत नाही. जी मुलगी सकाळी अभ्यासिका उघडायच्या आधी दारात उभी असते आणि रात्री बंद करायच्या वेळेलाच उठते, तिला भाषणाची गरज नाही. ती खचते ती वेगळ्याच कारणाने. वर्षभराच्या कष्टाचा निकाल तिला एका आकड्यात मिळतो आणि त्या आकड्याचा अर्थ तिला कुणी नीट सांगितलेला नसतो.

मी बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी जमेल तसं या मुलांसोबत बसते. रिझल्ट लागला की फोन येतात. "ताई, थोडक्यात गेलं. माझ्याच्याने नाही होणार हे." यातलं पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं त्यातून निघतच नाही, पण पोरं ते लगेच काढून मोकळी होतात.

कटऑफ, म्हणजे पुढच्या टप्प्यात जायला लागणारे किमान गुण. तो ठरतो कसा ते बघा. क्लार्कची भरती राज्यवार असते. अर्ज भरताना एकच राज्य निवडायचं, मग तिथल्या जागा आणि तिथले उमेदवार यांवर सगळं ठरतं. त्यामुळे एकाच वर्षी, सारखेच गुण असलेला एका राज्यातला मुलगा मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला जातो आणि दुसऱ्या राज्यातला बाहेर राहतो. जागा कमी निघाल्या की कटऑफ चढतो, पेपर अवघड गेला की उतरतो. या सगळ्यात तुमच्या बुद्धीचं मोजमाप कुठे आलं? शिवाय आयबीपीएस, म्हणजे सरकारी बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था, तिच्या प्रिलिम्सचे (पूर्वपरीक्षेचे) गुण अंतिम यादीत धरलेच जात नाहीत. तो फक्त पुढच्या दाराचा पास आहे. पीओला, म्हणजे बँक अधिकारी पदाला, मेन्स आणि मुलाखत ८०:२० या प्रमाणात धरतात, क्लार्कला तर मुलाखतच नाही. तरीही प्रिलिम्सच्या गुणांवरून स्वतःची लायकी ठरवणारी शेकडो मुलं आहेत आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं.

मग धीर टिकवायचा कशाच्या जोरावर? माझं उत्तर एकच: दुसऱ्याने दिलेल्या आकड्यावर नाही, स्वतः ठेवलेल्या नोंदीवर. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची वही मी तिच्या परवानगीने इतरांना दाखवते. प्रत्येक मॉकनंतर, म्हणजे सराव परीक्षेनंतर, चुकलेला प्रश्न ती तीनपैकी एका रकान्यात टाकते. "येत नव्हता", "येत होता, घाईत चुकला" आणि "सोडायला हवा होता". पहिल्या पानांवर तिसरा रकाना गच्च भरलेला आहे. बहुतेक सगळी पझल्स. आठ जण गोल टेबलाभोवती, काही आत तोंड करून, काही बाहेर, आणि प्रत्येकाचा वेगळा रंग, वेगळं गाव. एका ठिकाणी तिने लिहिलंय, "७ मिनिटं, शेवटी खोडलं." क्लार्कच्या प्रिलिम्समध्ये रीझनिंगचे, म्हणजे तर्कक्षमतेचे, ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका पझलपायी सेक्शनचा तिसरा हिस्सा गेला, आणि वेळ सेक्शननुसार बांधलेली असल्याने तो दुसरीकडून भरूनही काढता येत नाही. पुढच्या पानांवर तो रकाना हळूहळू ओसरत जातो. पाच सोपे प्रश्न आधी, पझल दोन मिनिटांत उलगडलं नाही तर पुढे. या काळात तिचा मॉकचा स्कोअर कितीदा वरखाली झाला, पण वही पाहिली की आपण पुढे सरकतोय हे तिला दिसत होतं. माझ्या मते टिकून राहायला एवढा पुरावा लागतो.

अंदाजे टिक मारण्याचंही तेच. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव भाग कापला जातो. चार चुकले की एक बरोबर उत्तर गेलं. "थोडक्यात गेलं" म्हणणाऱ्यांनी आपले अंदाजे मारलेले प्रश्न एकदा मोजून बघावेत. निराशा बाजूला पडते आणि हातात काम येतं.

खरा कस अभ्यासात लागत नाही, तो वाट पाहण्यात लागतो. प्रिलिम्स झाली, रिझल्ट कधी लागेल माहीत नाही, मेन्सचा अभ्यास करावा तर वाटतं आधी पास तरी होऊ दे. त्या आठवड्यांत टेलिग्रामवरच्या अपेक्षित कटऑफच्या पोस्टी सकाळ-संध्याकाळ वाचल्या जातात. मी अगदी तळमळीने सांगते, ते ग्रुप म्यूट करा. त्या काळात मेन्सचं डीआय (तक्ते-आलेखांवरची गणितं) आणि बँकिंग अवेअरनेस हेच धरा. निकाल काहीही लागो, एसबीआय असो, ग्रामीण बँका असोत, पुढची परीक्षा दारात उभीच असते आणि अभ्यासक्रम बराचसा तोच असतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. क्लार्क भरतीच्या परीक्षा इंग्रजी-हिंदीबरोबर १३ प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला, त्यात मराठी आहे. इंग्रजीचा पेपर इंग्रजीतच द्यावा लागतो, पण गणित-रीझनिंग मराठीत वाचता येतं. ज्यांना प्रश्न समजायलाच जास्त वेळ लागत होता त्यांनी मराठीत चार-पाच मॉक देऊन बघाव्यात. यात कमीपणा कसला?

आता घरच्यांशी दोन शब्द. काका, मावशी, आत्या, "झालं का काही?" हा प्रश्न तुम्ही मायेनेच विचारता हे मला माहीत आहे. पण त्याचं उत्तर त्या मुलाच्या हातात नसतं, आयबीपीएसच्या वेबसाइटवर असतं. त्याऐवजी "आजची मॉक कशी गेली?" असं विचारा. त्यावर तो बोलेल. आणि मुलगी असेल तर कृपा करून प्रत्येक रिझल्टनंतर लग्नाचा विषय काढू नका. या एका दडपणापायी चांगल्या चालणाऱ्या मुलींनी तयारी सोडलेली मी पाहिली आहे, आणि त्याचा मला राग येतो.

शेवटचा मुद्दा बोलायला अवघड आहे, पण टाळणार नाही. क्लार्कसाठी वयोमर्यादा २८, पीओसाठी ३०, आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत. ही मर्यादा सरकारची झाली. तुमची स्वतःची मर्यादा वेगळी असू शकते आणि ती रिझल्टच्या रात्री रडताना ठरवायची नसते. मन शांत असेल अशा एखाद्या दिवशी घरच्यांसोबत बसा, पैशांचा हिशेब मांडा आणि किती वर्षं पूर्ण वेळ द्यायची, त्यानंतर नोकरी करत करत द्यायची का, हे कागदावर लिहा. तो कागद असला की रोज उठून "सोडू की नको" हा झगडा करावा लागत नाही. ठरवलेली मुदत संपली आणि तुम्ही वाट बदललीत तर त्याला हार म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. गणित, रीझनिंग, वेळेचं भान हे सगळं केंद्राच्या एसएससीला (कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना) चालतं, विमा कंपन्यांच्या परीक्षांना चालतं, आपल्याकडच्या सरळसेवा भरतीलाही चालतं. त्यातल्या बऱ्याच परीक्षा आयबीपीएस आणि टीसीएसच घेतात. ज्यांना ती तीन रकान्यांची वही सुरू करायची आहे आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही, त्यांनी मला मेसेज करा. रविवारी बसून एक मॉक आपण सोबत तपासू.