लिनियर मोटर नाही म्हणजे अचूकता नाही?

इलेक्ट्रोडच्या ठिणग्यांनी स्टील कोरणारं ईडीएम मशीन कुठलं घ्यावं यावर टूलरूमवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'प्रिसिजन मोल्डसाठी लिनियर मोटरवालं सोडिकच घ्या. बॉलस्क्रू आला की बॅकलॅश आला. बाकी ब्रँडची फिनिश दुय्यम, आणि सोडिकवर इलेक्ट्रोड झिजतच नाही.' सोडिक उत्तम मशीन आहे, पण मेसेजमध्ये दिलेली कारणं चुकीची आहेत.

आधी बॅकलॅश, म्हणजे अक्ष हलवणाऱ्या स्क्रूतली ढिलाई; लिनियर मोटरला असा स्क्रूच नसतो. माकिनो काय किंवा एजीचार्मिल्स काय, बॉलस्क्रूच्या वरच्या मॉडेलांत पोझिशन लिनियर स्केल (अक्षावरची मोजपट्टी) वाचते, स्क्रू नव्हे. स्क्रूतली ढिलाई स्केलला दिसते आणि कंट्रोल ती भरून काढतो. लिनियर मोटरचा खरा फायदा जंपमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोड मधूनमधून वर उचलण्यात, आहे. 40 मिमी खोल, 1 मिमी जाड रिब (अरुंद खाच) घ्या, जिथे फ्लशिंगचं, म्हणजे गाळ धुवून काढायचं, भोक पाडायला जागाच नाही. तिथे इलेक्ट्रोड झपाट्याने वर-खाली झाला की कार्बनचा गाळ तोच बाहेर खेचतो. जंप मंद असेल तर गाळ तळाशी साचतो, ठिणगी एकाच जागी पडत राहते, आर्किंग होतं आणि जॉबला खड्डा पडतो. खोल रिबांची कामं रोजची असतील तर लिनियरचे पैसे वसूल होतात; उथळ कॅव्हिटीत फरक फारसा जाणवत नाही.

मायक्रॉन बहुतेकदा जातात ते तापमानात. 300 मिमीचा स्टीलचा जॉब 3 अंशांनी तापला की साधारण 10 मायक्रॉन वाढतो. तिथे ब्रँड काय करणार? एरोवा किंवा सिस्टिम थ्रीआरच्या, इलेक्ट्रोड धरणाऱ्या चकवर ग्राफाइटचा कण अडकला तरी तीच गत.

फिनिशच्या बाबतीत ब्रोशरमधला आरए (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) 0.1 मायक्रॉन हा बहुधा लहान तुकड्यावरचा असतो. क्षेत्रफळ वाढलं की इलेक्ट्रोड आणि जॉब मिळून कपॅसिटर बनतात, साठलेली ऊर्जा एकदम सुटते आणि खड्डे मोठे पडतात. यावर पावडर मिसळलेलं डायइलेक्ट्रिक (ठिणगी पडते ते तेल) हा उपाय आहे, आणि तो एकाच कंपनीकडे मिळतो असं नाही.

'झीज शून्य' हे अर्धसत्य. रफिंगला (ढोबळ कोरताना) इलेक्ट्रोड पॉझिटिव्ह आणि ऑन-टाइम (प्रत्येक ठिणगीचा वेळ) मोठा ठेवला की ग्राफाइटची झीज 1 टक्क्याच्या खाली येते, आणि हे कुठल्याही चांगल्या जनरेटरवर जमतं. फिनिशिंगला ऑन-टाइम लहान होतो, झीज वाढते, आणि सर्वांत आधी कोपरे जातात. रफ आणि फिनिशला एकच इलेक्ट्रोड वापरून कोपऱ्यात रेडियस आला तर मशीनला शिव्या घालू नका.

डेमोला विक्रेत्याचा नमुना चालवू देऊ नका. आपलं स्टील, आपल्याच ग्रेडचं ग्राफाइट आणि आपली सर्वांत त्रासदायक रिब घेऊन जा. टेबलाचे चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी, प्रत्येक ठिकाणी नवा इलेक्ट्रोड लावून एकाच खोलीचा बर्न घ्यायला सांगा. जॉब थंड झाल्यावर खोली सीएमएमवर (मितीमापन यंत्रावर) मोजा आणि पाचही इलेक्ट्रोडचे कोपरे प्रोफाइल प्रोजेक्टरखाली बघा. तापमानाचा परिणाम तपासायचा तर पहिल्या बर्नच्या शेजारी तसाच आणखी एक बर्न दुपारी घ्या.