पट्ट्याची चूक आमची, पण ‘फसवलं’ म्हणू नका

नमस्कार,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. आम्ही शिवलेल्या कॅमेरा बॅगेचा उजवा पट्टा चार महिन्यांत वरच्या जोडाला उसवला, ही चूक आमचीच आहे. माफ करा. लॅपटॉप, कॅमेरा, दोन लेन्स असं रोजचं ओझं त्या जोडावरच येतं. तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई लागते. तुमच्या बॅगेत चौकोन होता, फुली राहून गेली होती. पट्टा बदलला, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि घेणारही नव्हतो.

पण पुढे तुम्ही लिहिलंत, ‘वॉटरप्रूफ सांगून फसवलं, पावसात लेन्स भिजली.’ हे मनाला फार लागलं. वॉटरप्रूफ हा शब्द आम्ही कुठेच छापलेला नाही. बॅग घेण्याआधी तुम्ही मेसेज करून विचारलंत, तेव्हा ‘रिमझिम असेल तर चालेल, जोराच्या पावसात कव्हर घालाच’ असं मी स्वतः कळवलं होतं. तो मेसेज अजून माझ्याकडे आहे. कापड १००० डेनियरचं नायलॉन आहे, म्हणजे त्याचा ९००० मीटर धागा एक किलो भरतो. आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा थर आहे. कापड पाणी अडवतं, पण शिवलेली बॅग म्हटली की सुईची भोकं आली, चेन आली, आणि पाणी शिरतं ते तिथूनच. अजिबात पाणी नको असेल तर बिनशिलाईची, जोड चिकटवलेली आणि तोंड गुंडाळून बंद करायची बॅग घ्यावी लागते. तिच्यातून कॅमेरा पटकन निघत नाही, आणि तुम्हाला तर बाजूने उघडणारा कप्पा हवा होता.

पुढचं लिहावं की नाही, यात दोन दिवस गेले. दुरुस्तीला आलेली बॅग मीच उघडली. तळाच्या कप्प्यात रेन कव्हर होतं, घडीवरची कागदी पट्टी न फाडलेली. बाजूच्या चेनपाशी आतल्या अस्तरावर ट्रायपॉडचा पाय घासून काळा ओरखडा पडला होता. पाय बाहेर राहिला की चेन चार बोटं उघडीच राहते. पाणी कुठून गेलं, ते मला तिथेच कळलं. कामाच्या घाईत असं होतं, मी समजू शकतो. पण आम्ही तिघं मिळून एकेक बॅग शिवतो, आणि नवीन माणूस आधी रिव्ह्यू वाचतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोन ऑर्डर रद्द झाल्या आहेत.

लेन्सची मात्र खरंच काळजी वाटते. कप्प्यातली वेल्क्रोची पार्टिशनं सगळी बाहेर काढून, फोम आतपर्यंत सुकू द्या. ओलसर फोममध्ये लेन्स राहिली तर काचेला बुरशी धरते, आणि ती सहजी जात नाही.

शिलाईची तपासणी आता आणखी नीट करू, कव्हरची सूचनाही ठळक छापायचं बघतो.

बॅग काल पाठवली. डावा पट्टा चांगला होता, तरी फुली दोन्हीकडे मारली आहे. कव्हरची कागदी पट्टी काढून ते वरच्या कप्प्यात ठेवलंय, हाताशी येईल असं.