दगडाचं नाव नको, दगड सांगा

ओट्यासाठी दगड बघायला काल सातव्या दुकानात जाऊन आले आणि सातव्यांदा तेच झालं. मी विचारलं, "हा दगड कुठला?" उत्तर आलं, "वहिनी, एकदम प्रीमियम आहे." अहो, मी दगड विचारला! प्रीमियम नावाचा खडक पृथ्वीच्या पोटात कुठे तयार होत नाही. परत विचारलं, तर म्हणे, "इंपोर्टेड आहे." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, आपलं बजेट काय?" साहेबांना घरात चहाचं पातेलं कुठे असतं ते ठाऊक नाही. पण दगडाचं बोलणं साहेबांशी.

ही चिडचिड उगाच नाही. आमचा आत्ताचा ओटा पांढरा आहे, राखाडी शिरांचा. घेताना 'क्वार्ट्झाइट' म्हणून घेतला, बिलावरसुद्धा तेच लिहिलंय. "ग्रॅनाइटपेक्षा कडक, एकदा बसवला की आयुष्यभर बघायला नको." तिसऱ्याच आठवड्यात अर्ध लिंबू ओट्यावर पालथं राहिलं, रात्रभर. सकाळी उचललं तर खाली फिकट गोल. पुसला, जाईना. साबण लावला, जाईना. मग बोट फिरवून बघितलं आणि पोटात गोळा आला, कारण तो डाग नव्हताच. डाग म्हणजे दगडात काहीतरी शिरलेलं असतं. इथे दगडातलंच काहीतरी गेलं होतं. गुळगुळीत पॉलिशच्या मधोमध खरखरीत चकती. खरा क्वार्ट्झाइट लिंबासमोर ढिम्म बसून राहिला असता. हा संगमरवर होता.

दुकानात फोन केला. "वहिनी, नैसर्गिक दगड आहे, थोडं कॅरेक्टर येणारच." कॅरेक्टर! आज त्या ओट्यावर एवढं कॅरेक्टर आहे की लिंबाचे गोल, टोमॅटोचे ओघळ आणि व्हिनेगरच्या बाटलीच्या बुडाचं कडं, सगळा नकाशा झालाय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. आमच्या ओट्याला लिंबाचे घाव सोसूनही साधं ओटेपण आलं नाही.

आणि फरक काही गहन नाही हो. वालुकाश्म जमिनीखाली उष्णतेत आणि दाबात सापडला की त्याचा क्वार्ट्झाइट होतो, म्हणजे जवळजवळ निव्वळ गारगोटी (क्वार्ट्झ). चुनखडीवर तीच वेळ आली की तिचा संगमरवर होतो, म्हणजे कॅल्साइट. पॉलिश करून शेजारी उभे केले की दोघे सख्खे भाऊ वाटतात. पण फ्रीडरिश मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली जी काठिण्याची मोजपट्टी केली, तिच्यावर गारगोटी ७ वर आणि कॅल्साइट ३ वर. गारगोटीला लिंबू म्हणजे पाणी. कॅल्साइट आम्लात विरघळतो, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडत. एवढं साधं! यावर दुकानवाल्यांनी काय करावं? मधला एक प्राणी जन्माला घातला: 'सॉफ्ट क्वार्ट्झाइट'. असा खडकच नाही. त्या चिठ्ठीखाली संगमरवर निघतो, नाहीतर डोलोमाइट, म्हणजे कॅल्साइटचा मॅग्नेशियमवाला भाऊ, जो लिंबाला थोडा उशिरा बळी पडतो, पण पडतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

म्हणून आता मी पिशवीत एक लिंबू आणि एक रिकामी काचेची बाटली घेऊन फिरते. नमुन्याचा न घासलेला, कच्चा कोपरा काचेवर जोर देऊन ओढायचा. काचेचं काठिण्य साडेपाचच्या आसपास. क्वार्ट्झाइट असेल तर काच कर्रर्र करून चरते. संगमरवर असेल तर नुसता घसरतो आणि काचेवर पांढरी पूड ठेवून जातो. दोन मिनिटांचं काम. पण मी बाटली बाहेर काढली की दुकानातली माणसं अशी बघतात जणू मी गोंधळ घालायला आलेय, आणि नवरा दाराशी जाऊन फोनवर बोलायला लागतो. समोरून फोन कोणाचाच आलेला नसतो, हे मला माहीत आहे.

त्यांची स्वतःची परीक्षा मात्र बघण्यासारखी. खिशातून किल्ली काढतात आणि दगडावर घासतात. "बघा, ओरखडा आला?" नाही आला. कसा येईल? किल्ली पितळेची, पितळेचं काठिण्य ३ च्या आसपास, म्हणजे संगमरवराइतकंच. किल्लीने उठणारा ओरखडा नखापेक्षा थोडा बरा, इतकंच. पोलादी सुरी लाव म्हटलं की लगेच, "नको वहिनी, सॅम्पल खराब होईल." मग ओटा होणार नाही का?

बरं, पांढऱ्याचा नाद सोडून ग्रॅनाइटकडे वळावं तर तिथे वेगळीच गंमत. ग्रॅनाइट म्हणजे गारगोटी, फेल्स्पार आणि थोडं अभ्रक, फिकट रंगाचा अग्निजन्य खडक. कुळकुळीत काळा ग्रॅनाइट ही गोष्ट भूशास्त्रात नाही. दुकानातला तो काळा दगड बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे गडद रंगाचे अग्निजन्य खडक. निळसर चमक मारणारा 'ब्लू पर्ल ग्रॅनाइट' म्हणजे नॉर्वेतल्या लार्विक गावाच्या आसपासचा लार्विकाइट, त्यातही गारगोटी जवळजवळ नाहीच. आता यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. खरं सांगायचं तर घट्ट विणीचा काळा डोलेराइट पोराबाळांच्या स्वयंपाकघराला कित्येक खऱ्या ग्रॅनाइटपेक्षा बरा. तेल पीत नाही, आम्लाला दाद देत नाही, तापलेलं पातेलं सहन करतो. माझं म्हणणं एवढंच की चांगल्या दगडाचंसुद्धा नाव तुम्हाला सांगता येत नाही, मग वाईटाचं कसं सांगाल? कारण त्याच 'ग्रॅनाइट' शब्दाखाली तुम्ही ते पांढरे दगडही विकता ज्यांच्यात लोहाची खनिजं असतात आणि सिंकजवळच्या ओलाव्याने जे वर्षा-दोन वर्षांत गंजाचे पिवळे ठिपके काढतात.

आणि काळा तरी खरा काळा आहे का? एका दुकानात पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन कोपरा घासला. फडकं काळं! राखाडी दगडाला रंग चढवून काळा म्हणून उभा केलेला. लहानपणापासून ऐकत आलो, अमुक गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. इथे रेघ सोडा, दगडाचा काळेपणाच पुसला जातोय. विचारलं तर म्हणतो, "ते पॉलिशचं असतं." पॉलिश कधीपासून काळं निघायला लागलं?

सीलर हा तर प्रत्येक प्रश्नावरचा रामबाण. लिंबाने खाल्लं तर? सीलर. तेल मुरलं तर? सीलर. भूकंप झाला तर तेही सांगा, सीलर मारू. मी शांतपणे समजावून सांगितलं (हो, मी शांत होते, घरच्यांनी काहीही सांगो) की सीलर दगडाच्या छिद्रांत बसतो आणि तेल-पाणी आत जायला उशीर करतो. वरच्या पॉलिशवर आम्ल पडलं तर तो काहीही करू शकत नाही. आणि घट्ट काळ्या दगडात तर तो आत जातच नाही, वर धुरकट थर होऊन बसतो. सीलर हवा की नको हे कळायला ओट्यावर पाण्याचा थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, खालचा दगड गडद झाला तरच हवा. मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याकडे इंपोर्टेड सीलर आहे." पालथ्या घड्यावर पाणी! सीलर मारलेल्या घड्यावर.

एक आकडा सांगते, तो कुठल्याच दुकानात ऐकायला मिळणार नाही. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकांत ग्रॅनाइटला वजनाच्या ०.४० टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे, संगमरवराला फक्त ०.२० टक्के. म्हणजे 'हा पाणी पीत नाही' ही जी छाती ठोकून सांगायची गोष्ट, त्यात संगमरवर उलट पुढेच निघू शकतो. त्याचं दुखणं पाणी नाहीच, आम्ल आहे. तेच कोणी बोलत नाही.

घरच्यांचं विचारू नका. सासूबाईंना पांढराच हवा, कारण "स्वच्छ दिसतो". आईंना म्हटलं, हा संगमरवर आहे, खराब होतो, तर म्हणाल्या, "एवढे मोठमोठे पुतळे करतात की त्याचे." करतात ना! मायकेलअँजेलोने डेव्हिड कॅराराच्या संगमरवरातच कोरला. पण डेव्हिडच्या पायावर कोणी टोमॅटो चिरत नाही. आणि तोसुद्धा उघड्यावर सुखरूप राहील असा भरवसा कुणाला वाटला नाही म्हणून १८७३ साली छपराखाली नेला. मुलीला गुलाबी हवा. नवऱ्याचं म्हणणं, "तुला जो आवडेल तो घे," आणि मी निवडला की, "हाच का?"

मग मऊ दगडाची बाजू कोणाला सांगायची? सोपस्टोन, शंखजिऱ्याचा दगड, नखानेही ओरखडतो, पण प्रयोगशाळांमधली टेबलं त्याची करायचे, कारण आम्ल त्याला काही करत नाही. ओरखडा पडला तर बारीक पॉलिश कागदाने घासून टाकायचा, झालं. टिकाऊ म्हणजे कठीणच, हे कोणी ठरवलं? पाच दुकानांत विचारलं. तीन ठिकाणी साबण दाखवला नाही एवढंच. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, यांच्याकडे मऊ दगडच नाही.

शेवटी सगळे येऊन थांबतात ते कृत्रिम क्वार्ट्झवर. "वहिनी, टेन्शनच नको. यात नव्वद टक्क्यांहून जास्त नैसर्गिक गारगोटी आहे." आहे ना, भुगा करून रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या चिकट राळेत, कालवलेली. उरलेलं ते रेझिन तापलेल्या कढईखाली करपतं आणि तो डाग कायमचा. शिवाय ते कापताना उडणाऱ्या धुळीने कारागिरांची फुप्फुसं निकामी होतात म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. हे बोलले तर म्हणतो, "ते तिकडे." धूळ काय पासपोर्ट बघून छातीत शिरते? ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका, म्हणजे फुप्फुसं खाणारी हीच गारगोटीची पूड, असतेच, म्हणून पाणी सोडून कापा म्हणून मागे लागते, तर कारागीरच मला हसतो.

कारागिरांवरून आठवलं. दगड कितीही उत्तम आणा, कापणारा घिसाडघाई करणारा असला की संपलं. आत्ताच्या ओट्याला हॉबसाठी (ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी) जो चौकोन कापला, त्याचे आतले कोपरे काटकोनात, आणि करवत कोपऱ्याच्या पुढेही दोन बोटं गेलेली. ताण तिथेच एकवटतो. कोपरा थोडा गोल ठेवला असता तर तडा गेला नसता. गेला. सिंकच्या पुढची चिंचोळी पट्टी तर बसवतानाच मोडली, ती चिकटवून वर पॉलिश मारली आणि म्हणे ही नैसर्गिक शीर आहे. मी नख फिरवलं तर नख अडकलं. आणि कड? धारदार चौकोनी कड ठेवली, 'मॉडर्न लूक'. त्या मॉडर्न लूकचे आजवर चार टवके उडालेत, चारही कुकर आपटून. जरा गोलाई दिली असती तर निदान दोन वाचले असते. दगडाच्या लादीमागे जाळी का चिकटवलीय विचारलं, तर "मजबुतीसाठी". मजबूत दगडाला मजबुतीची जाळी कशाला लागते, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण नवरा तोवर गाडीत जाऊन बसला होता.

तर काल मी शहाणपणा केला. सातही दुकानांतून मागून आणलेले नमुने खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडले. प्रत्येकावर लिंबाची चकती, शेजारी तेलाचा थेंब, शेजारी चहा. प्रत्येकाला चिकटपट्टी लावून दुकानाचं नाव लिहिलं. रात्रभर ठेवले.

सकाळी उठून बघते तर कठडा लख्ख. सासूबाई म्हणाल्या, "केवढा राडा करून ठेवला होतास, मी सगळे तुकडे घासून पुसून ठेवले. ते कागदही काढून टाकले, चिकट झाले होते."

तुकडे एकावर एक रचलेले. तीन पांढऱ्यांपैकी दोघांवर गोल उमटलाय, म्हणजे त्यांचा निकाल लागला. तिसरा जसाच्या तसा. बाटलीवर ओढला, काच चरली. तेलाची खूण नाही, चहाची नाही. इतक्या महिन्यांनी खरा क्वार्ट्झाइट माझ्या हातात आहे आणि तो कुठल्या दुकानाचा ते मला माहीत नाही!

आता उद्या तो तुकडा घेऊन परत सातही दारं फिरायची आणि विचारायचं, हा तुमचा का? सातही जण म्हणणार, "हो वहिनी, आपलाच. प्रीमियम."