ओजुक्वू ‘शून्यातून’ उभे राहिले नव्हते

नायजेरियाचे वाहतूक उद्योजक सर लुई ओडुमेग्वू ओजुक्वू यांची एक गोष्ट हल्ली सगळीकडे फिरते. शाळेचं तोंड न पाहिलेला, खिशात दमडी नसलेला पोरगा. कोणाच्याही मदतीशिवाय, नुसत्या जिद्दीवर एका ट्रकचा ताफा केला आणि आफ्रिकेतला पहिला अब्जाधीश झाला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, म्हणूनच ही गोष्ट खटकते.

आधी शाळा. १९०९ साली जन्मलेले ओजुक्वू पूर्व नायजेरियातल्या न्नेवीचे. कालाबारच्या होप वॉडेल संस्थेत ते शिकले. नायजेरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्नामदी अझिकीवे यांनीही काही काळ तिथेच धडे गिरवले होते. पुढे ओजुक्वूंना शेती खात्यात शेतमाल तपासनिसाची सरकारी नोकरी लागली. त्या काळी ही नोकरी म्हणजे गावात मान आणि दर महिन्याला हातात पगार. याला शून्य कसं म्हणायचं?

‘एका ट्रकपासून सुरुवात’ म्हणताना तर गोष्टीचा गाभाच गळून पडतो. ट्रकच्या आधी टायर होते. सरकारी नोकरी सोडून ते जॉन होल्ट या ब्रिटिश व्यापारी कंपनीत टायरविक्रीला लागले, जोडीला कापडाचा स्वतःचा व्यापारही करत होते. टायरच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला कोणाची गाडी किती पळते, कुठल्या रस्त्यावर टायर लवकर झिजतो, उधारी कोण वेळेवर फेडतो, हे विचारावं लागत नाही. आणि नायजर नदीपलीकडच्या ओनित्शा शहराचे कापडवाले लागोसहून माल नेताना कसे मेटाकुटीला येतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. लाकडी बॉडीच्या लॉऱ्या, आत मालाचे गठ्ठे आणि फळ्यांवर दाटीवाटीने बसलेली माणसं. अलीकडच्या काठावरच्या असाबाला पोचलं की समोर नायजर नदी. पूल नव्हता, लॉरी फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यायची. पूल झाला तो थेट १९६५ साली.

ही अडचण ओळखून त्यांनी वाहतूक कंपनी काढली. पहिलं गिऱ्हाईक त्यांच्याच भागातले, ओळखीपाळखीचे व्यापारी होते. ‘कोणाच्याही मदतीशिवाय’ म्हणणं हा त्या व्यापाऱ्यांवरही अन्याय आहे.

काळाचा हात तर त्याहून मोठा. दुसऱ्या महायुद्धानंतर व्यापाराला तेजी आली. सरकारी खरेदी मंडळांचा शेतमाल हलवायला गाड्या लागत होत्या आणि ओजुक्वूंकडे त्या तयार होत्या. तयारीचं श्रेय निःसंशय त्यांचं, पण तेजी त्यांनी आणलेली नव्हती. कर्ज काढून गाडी घेऊ पाहणाऱ्या मुलाला ही गोष्ट ऐकवताना हा भाग लपवला, तर भाडं मिळालं नाही की दोष तो स्वतःच्या जिद्दीला देईल.

राहिला ‘पहिला अब्जाधीश’. हा आकडा सांगणारे हिशोब कधीच देत नाहीत: कुठल्या साली, कुठल्या चलनात, कशाची किंमत धरून? कागदावर दिसतं ते एवढं: ते लागोस शेअर बाजाराचे पहिले अध्यक्ष होते आणि त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. सप्टेंबर १९६६ मध्ये ते वारले, तेव्हा नायजरवरच्या त्या पुलाला वर्षही झालं नव्हतं.