नाना, यमाचा कारकून आणि बोरीकाठची जमीन

माझे काका, नाना, परत आले त्याला येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन वर्षं होतील. ‘परत आले’ हा आमच्या घरातला शब्द. धुळ्याच्या दवाखान्यात त्यांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी झटके दिले, छाती दाबली आणि ते चालू झालं. चौथ्या दिवशी नाना बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य निघालं ते एका कचेरीबद्दल. दोघं जण त्यांना ओढत घेऊन गेले. आत लाकडी मेजामागे एक कारकून वही चाळत बसलेला. त्यानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि वैतागून म्हणाला, “हाऊ तो नही. लई जा याले परत.” जाता जाता म्हणे एवढंच बोलला, “तुन्हं खातं बाकी शे.”

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवसापासून जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. एका बाजूला गरुडपुराण, दुसऱ्या बाजूला अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेला माझा मावसभाऊ. मी नेदरलँड्समध्ये, आर्नेमला राहतो, त्यामुळे ‘तिकडचं सायन्स काय म्हणतं?’ हा प्रश्न अर्थातच माझ्याकडे आला.

गंमत अशी की हे सायन्स माझ्या सायकलच्या अंतरावर झालं. पिम फान लोमेल हे आर्नेमच्याच रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दहा डच रुग्णालयांतल्या, हृदय बंद पडून वाचलेल्या 344 रुग्णांशी बोलून 2001 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. त्यातल्या 62 जणांना, म्हणजे 18 टक्क्यांना, काहीतरी आठवत होतं: बोगदा, उजेड, गेलेली माणसं, आपलंच शरीर वरून दिसणं. लोमेल यांचा युक्तिवाद असा की मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळेच हे होत असेल, तर ते सगळ्यांनाच व्हायला हवं होतं. युक्तिवाद बिनतोड नाही. एकाच तापात एक जण बरळतो, दुसरा गपगार झोपतो. पुढे त्यांनी जाणीव मेंदूच्या बाहेरही असते इथवर उडी मारली, तिथे मी त्यांच्यासोबत नाही. पण 18 टक्के हा आकडा मी भावाला पाठवला आणि तोच आकडा गरुडपुराणवाल्या काकूंनाही पाठवला. दोघांनी आपापल्या विजयाचे अंगठे दाखवले.

2014 साली सॅम पार्निया या डॉक्टरांच्या चमूचा अभ्यास आला, 2060 हृदयबंदांचा. त्यांनी रुग्णालयांत छताजवळ फळ्या ठोकल्या होत्या, वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवून. आत्मा वर तरंगत असेल तर चित्र बघेल, असा साधा हिशेब. बहुतेकांची हृदयं फळ्या नसलेल्या खोल्यांमध्येच बंद पडली आणि चित्र कुणी पाहिलं नाही. आपल्याकडच्या सरकारी योजनेसारखं झालं म्हणायचं, विहीर एका शेतात आणि पाणी दुसऱ्याच.

नानांच्या गोष्टीशी खरं नातं सांगणारा अभ्यास आपल्याकडचाच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेतल्या सतवंत पासरिचा यांनी इयन स्टीव्हन्सन या अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांसोबत उत्तर भारतातल्या, मरणाच्या दारातून परतलेल्या 16 माणसांच्या हकिगती 1986 साली छापल्या. त्यांत बोगदा नाही, उजेड नाही. दूत येतात, वही असलेल्या माणसापुढे उभं करतात, चूक उघडकीस येते, भलताच माणूस आणलेला असतो आणि त्याला परत पाठवतात. अमेरिकन माणूस परततो तो काम अपुरं राहिलं म्हणून किंवा मायेचं कुणी मागे आहे म्हणून. आपला माणूस परततो तो कचेरीच्या घोळामुळे. ज्यानं आयुष्यभर तलाठ्याच्या दारात फेऱ्या घातल्या त्याला मरतानाही तलाठीच भेटला, तर नवल कशाचं?

आणि हे फक्त आपलंच, असंही नाही. ए. जे. एअर हा पक्का नास्तिक ब्रिटिश तत्त्वज्ञ. 1988 साली घशात मासा अडकून त्याचं हृदय चार मिनिटं थांबलं. त्याला विश्वाचा कारभार बघणारा लाल उजेड दिसला आणि अवकाशाचं काम नीट न केलेले त्याचे दोन सेवक. आमच्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिर या संस्थेत एके काळी अशा माणसावर आठवडाभर वाद झाला असता. एअरनं आधी लिहिलं की, मरणानंतर काही नाही ही आपली खात्री जराशी ढिली झाली. मग सुधारून सांगितलं: खात्री तशीच आहे, तिच्याबद्दलचा ताठा ढिला झाला. या विषयावर मी वाचलेलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य हेच.

आता आमच्या घरातलं खरं भांडण. नाना सावरले आणि आखाजीला, पितरांची घागर भरून आगारी, म्हणजे त्यांच्या नावानं विस्तवावर घास, टाकल्यावर, सगळ्यांसमोर बोलले. माझे आजोबा गेल्यावर त्यांनी दोन्ही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या होत्या. साडीचोळी दिली, संजोऱ्या खाऊ घातल्या, विषय संपला. आमच्या भागात घरोघर होतं तसंच. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून आहे, पण तो सह्या घेण्याआड आला नाही. नाना म्हणाले, बाकी खातं ते हेच. बोरीकाठची चार एकर काळी जमीन बहिणींच्या नावे करायची.

त्या दिवशी घरातल्या श्रद्धा जागच्या जागी उलट्या झाल्या. नानांचे दोन्ही मुलगे, जे तोवर बाप यमाच्या दारातून आला म्हणून गावभर सांगत होते, ते दुसऱ्या सकाळी विज्ञाननिष्ठ झाले. भास होता, डोक्याला रक्त कमी पडलं, डॉक्टरांचं तसं पत्र मिळेल का? थोरल्यानं मला रात्री फोन करून तो लॅन्सेटचा निबंध मागितला. आणि मोठी आत्या, जिनं आयुष्यात देवळाची पायरी चढली नव्हती, ती त्या कारकुनाची वही कशी होती, लाल पुठ्ठ्याची का, हे खोदून विचारायला लागली. अमुक पाहिलं हे खरं की खोटं, हा वाद आमच्याकडे कधीच एकटा येत नाही. त्याच्या पाठीवर सातबारा असतो.

इथे असं होत नाही. माझा एक डच सहकारी रविवारी फुटबॉल खेळताना मैदानावर कोसळला. फोनवर निरोप गेला आणि छाती दाबायला शिकलेले आसपासचे दोघं-तिघं भिंतीवरची झटक्याची पेटी घेऊन काही मिनिटांत धावले. अमळनेरला असतं तर रिक्षा शोधेपर्यंत संपलं असतं. तो उजेडात जाऊन आला. मग नोकरी सोडली, मरणाऱ्यांच्या घरात सेवा करायला जाऊ लागला. वाढदिवसाच्या कॉफीला सगळे गोल बसतात, तिथे त्यानं सांगितलं. लोक म्हणाले, तुला बरं वाटलं ना, छान. आणि केकची पुढची फोड. कुणी खोदून विचारलं नाही, कुणी वाद घातला नाही. त्याची बायको मात्र मला स्वयंपाकघरात म्हणाली की आता त्याची सगळ्या जगावर माया आहे आणि कर्जाचा हप्ता मी भरते. हे ती बाहेर त्या गोलात बोलली नाही.

इथल्या या सभ्यतेचा मला वर्षानुवर्षं हेवा वाटत होता. अनुभव ज्याचा त्याचा, त्यात नाक खुपसू नये. आता तेवढा वाटत नाही. मरून आलेला माणूस काही शिकलो म्हणतो तेव्हा त्याचं बिल कुणाच्या तरी नावावर फाटतंच. इथे बायकोच्या, तिकडे मुलांच्या. आमच्याकडे निदान आरडाओरडा होतो. नानांना काय दिसलं याचा पुरावा म्हणून मला काडीचा उपयोग नाही. मरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत विजेची लाट उठते हे 2013 साली मिशिगनमध्ये नोंदलं गेलं, 2023 साली चार मरणाऱ्या माणसांपैकी दोघांत तसंच दिसलं, पण ते काही सांगायला परत आले नाहीत. नानांना सांगायला जीभ उरली. त्यांच्या पोटात वीसेक वर्षं जे खुपत होतं त्याला कारकुनाचा आवाज मिळाला, एवढंच मी मानतो. दुसऱ्या कुणाचा आवाज त्यांनी ऐकलाही नसता.

हे सगळं मी फोनवर धाकल्या आत्याला सांगितलं. ती पारोळ्याला असते, अंगणवाडीत नोकरी करून निवृत्त झालेली. मोठ्या आत्याचं बक्षीसपत्र गेल्या दिवाळीनंतर नोंदलं गेलं, फेरफारावर मुलांची हरकत आहे. धाकलीनं सही करायला यायचं नाकारलंय. मी म्हटलं, आत्याबाई, नाना मनापासून देताहेत.

ती म्हणाली, “यमना कारकूननी सांगं म्हनीसन दी ऱ्हायना ना? मन्हा बापनी जमीन शे ती. मी सही करी तव्हय हाऊ भाऊ जित्ता व्हता.”

नाना मला विचारतात, तिला काय सांगू. मी अजून काही सुचवलेलं नाही.