प्रकृती, पित्ताची गोळी आणि सीवायपी२सी१९ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(वय बहात्तर लिहिलंत म्हणून काका म्हणतोय, राग नसावा.)

सीवायपी२सी१९ या जनुकावरच्या लेखावरून तुम्ही मला चांगलंच झोडपलंय. (हे जनुक त्याच नावाचं एंझाइम बनवतं, आणि ते एंझाइम यकृतात कित्येक औषधांवर काम करतं.) बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. एक : या जनुकाचं आणि प्रकृतीचं नातं पुणे विद्यापीठातच सिद्ध झालंय, तरी मी त्याचा साधा उल्लेख केला नाही, कारण आम्हाला घरचं ते सगळं टाकाऊ. दोन : अँजिओप्लास्टीनंतर तुम्ही बरीच वर्षं क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, घेताय आणि ठणठणीत आहात, तेव्हा जनुकांची भीती घालून मी लोकांना महागड्या टेस्टच्या नादी लावू नये.

तो अभ्यास मी वाचलाय आणि मुद्दामच बाजूला ठेवला होता. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. १३२ निरोगी माणसांची प्रकृती ठरवून त्यांचं हे जनुक तपासलं होतं. ज्यांचं एंझाइम जवळजवळ कामच करत नाही असे लोक कफ प्रकृतीत ३१ टक्के, वातात १२ आणि पित्तात ९ टक्के निघाले. फरक आहे, नाही कशाला म्हणू? पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा. कफवाल्यांपैकी ६९ टक्क्यांचं एंझाइम काम करत होतं, आणि पित्तवाल्यांतल्या ९ टक्क्यांचं नव्हतं. नाडी बघून 'कफ' म्हटलं म्हणून हृदयाची गोळी बदलायची ठरवली, तर दर तिघांत दोघांची विनाकारण बदलेल. आणि पित्तवाले ते नऊ टक्के बिनघोर घरी जातील.

शिवाय जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक धड आणि एक बिघडलेली, अशी माणसं त्या अभ्यासात 'धड' गटातच मोजली आहेत. क्लोपिडोग्रेलच्या बाबतीत ही मधली मंडळी वेगळी काढावी लागतात, कारण औषध त्यांनाही थोडं कमीच लागू पडतं. आणि ती काही थोडीथोडकी नाहीत. भारतीयांत या जनुकाच्या चारांतल्या एकीहून जास्त प्रती 'स्टार टू' नावाच्या बिघडलेल्या प्रकारातल्या असतात. बिघाड म्हणाल तर डीएनएच्या एका अक्षराचा : ६८१ व्या जागी 'जी'ऐवजी 'ए'. तेवढ्याने जनुकाच्या संदेशाची जुळणी भलत्याच ठिकाणी होते आणि एंझाइम अर्धवट तयार होतं.

माझा खरा आक्षेप मात्र पुढेच आहे. प्रकृतीवरून जोरकस अग्नी आणि मंद अग्नी अशी माणसांची वाटणी इथे चालतच नाही. क्लोपिडोग्रेल आपण गिळतो तेव्हा ते निष्क्रिय असतं. त्यातलं साधारण ८५ टक्के शरीरातली दुसरी एंझाइम्स निकामी करून टाकतात. उरलेल्याला यकृतात दोन टप्प्यांत जागं करायचं काम सीवायपी२सी१९ आणि त्याचे भाऊबंद करतात. एंझाइम मंद, तर औषध कमी. आता ओमेप्राझोल, म्हणजे पित्ताची गोळी, घ्या. त्याला काम करायला या एंझाइमची गरज नसते, उलट हे एंझाइमच त्याचा निकाल लावतं. एंझाइम मंद, तर औषध रक्तात जास्त रेंगाळतं आणि आम्ल जास्त दाबलं जातं. माणूस तोच, जनुक तेच. एक गोळी कमी पडते, दुसरी जास्त होते! कोडीन या वेदनाशामकाचा कारभार तर तिसरीकडेच, २२ व्या गुणसूत्रावरच्या सीवायपी२डी६ या दुसऱ्या जनुकाकडे. आपलं हे १० व्यावर. एकात मंद असलेला माणूस दुसऱ्यात चपळ असू शकतो. मग त्याला बसवायचं कुठल्या प्रकृतीत?

तुम्ही ठणठणीत आहात हे वाचून मनापासून बरं वाटलं. पण त्यावरून जनुकाबद्दल काहीच कळत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होणारच, असं नसतं. धोका वाढतो, इतकंच. तो वाढतो म्हणून तर अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०१० मध्ये या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला. अशा रुग्णांसाठी प्रासुग्रेल, टिकाग्रेलोर ही औषधं आहेत, पण रक्तस्रावाचा धोका त्यांच्यात जास्त, म्हणून ती निवड डॉक्टरांचीच. सरसकट सगळ्यांनी टेस्ट करा असं मी लिहिलेलंच नाही. लेख परत वाचा.

टेस्टपेक्षा मला काळजी वेगळीच वाटते. पेठेतल्या कुठल्याही केमिस्टकडे संध्याकाळी पाच मिनिटं उभे राहा. सकाळची मिसळ वर आलेला कुणीतरी येतो, 'पित्ताच्या दहा द्या' म्हणतो, केमिस्ट कात्रीने पट्टी कापतो, पुडीत घालतो, संपलं. बाकी कुठली औषधं चालू आहेत, हे कोण विचारतंय? ओमेप्राझोल हे एंझाइम अडवून धरतं, त्यामुळे उत्तम जनुक घेऊन जन्मलेला माणूसही क्लोपिडोग्रेलपुरता मंद होऊन बसतो. ही दोन औषधं एकत्र टाळा, असं एफडीए सांगते. इसोमेप्राझोललाही तेच लागू. पँटोप्राझोलचा अडथळा बराच कमी.

आणि काका, शेवटच्या ओळीत तुम्हीच लिहिलंय, 'रोज सकाळी पित्ताची एक कॅपसूल, बाकी काही तक्रार नाही.' पट्टीवर कंपनीने दिलेल्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, तेवढं भिंग लावून बघा. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल दिसलं तर पट्टीचा फोटो आजच तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवा आणि त्यांना विचारा. मनाने काही बंद करू नका, क्लोपिडोग्रेल तर मुळीच नाही.